ट्यूबातलं बाळंतपण

सृष्टीच्या इतिहासात जे जे थोर घडलं, ते संपूर्ण शांततेत घडलं. पर्वत शांततेत उभे राहिले, हिमनद्या शांततेत सरकल्या, आणि समुद्रातला पहिला जीव सरपटत किनाऱ्यावर आला तेव्हा त्याच्या स्वागताला कुणीही बँड लावला नव्हता.

‘बँड’ या शब्दाला माझ्या कानावर लोकरीचा ओला हातमोजा येऊन आदळला.

“हळू बोल की रे, हालवर,” गुडवेग कुजबुजली. “पायरीखाली ती बसलीये.”

मी सतरा मेचं भाषण करत होतो. त्या दिवशी साऱ्या नॉर्वेत राष्ट्रीय दिनाचे बँड वाजतात, झेंडे फडफडतात, पोरं ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. आमच्या तारहोल्मेन बेटावरही मिरवणूक निघते, पण ती पायात नुसते मोजे घालून. झेंडे आम्ही छत्रीसारखे गुंडाळून काखेत धरतो, कारण फडफडीला पक्षी बिचकतात. राष्ट्रगीत नुसते ओठ हलवून म्हणतो. मला सुराचं अंग नाही, त्यामुळे बेटावर सर्वांच्या बरोबरीने राष्ट्रगीत म्हणता येतं याचं मला फार समाधान आहे.

हे सगळं आयडर बदकांसाठी. ती रानटी, म्हणजे समुद्राची. पाळलेली नव्हेत. पण शेकडो वर्षांपासून वसंतात ती आमच्या दारात बाळंतपणाला येतात, आणि आम्ही त्यांच्यासाठी दगड-फळ्यांची छोटी छोटी घरं बांधून त्यांत सुकं समुद्री शेवाळ अंथरून ठेवतो. मादी अंड्यांवर बसते, छातीची मऊ पिसं उपटून त्यांना पांघरते. पिल्लं समुद्रात गेली की मागे राहिलेली ती पिसं आमची. त्यांच्या रजया होतात. असा सरळ व्यवहार आहे. आमच्या बाजूने अट एकच: पहिलं बदक किनाऱ्याला पाय लावतं त्या क्षणापासून शेवटचं पाण्यात उतरेपर्यंत बेटावर आवाज नाही. ठोकाठोक नाही, कुत्रं नाही, दोरीवर रंगीत कपडे नाहीत. आणि जी वस्तू जिथे असेल ती तिथेच. एका वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या ओद्लाइवची कवळी खिडकीत राहिली आणि त्या खिडकीखाली बदक बसलं. ओद्लाइव महिनाभर साईची लापशी खाऊन राहिला. तक्रार केली नाही. केली असती तरी ती कुणाला कळली नसती.

नर मात्र या नियमाला जुमानत नाहीत. काळ्यापांढऱ्या रुबाबात ते पाण्यावर तरंगतात आणि एखाद्या मावशीला शेजारणीचं लफडं कळावं तसं “अऽ-ऊऽऽ” करतात. दिवसभर. आणि मादी अंड्यांवर बसली रे बसली की सगळे मिळून खोल समुद्राकडे पसार होतात. बेटावरच्या बायकांनी यावर जे काही म्हटलं आहे ते लिहिण्यासारखं नाही.

या पक्ष्यांची राखणदार म्हणजे गुडवेग. तिच्या आधी तिची आई होती, तिच्या आधी आजी. आजीचाच करडा लोकरी कोट घालून ती घरट्यांची फेरी मारते, कारण बदकं माणूस ओळखत नाहीत, कोट ओळखतात. मी एकदा तो कोट घालून पाहिला. बदकं जागची हलली नाहीत, पण गुडवेग आठवडाभर बोलली नाही. शांततेच्या काळात ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तर गेल्या काही वर्षांपासून गुडवेगचं काहीतरी बिनसत होतं. बदकं यायची, पण कमी. अंडी व्हायची, पण उबायची नाहीत. मादी दिवसेंदिवस बसून बसून शेवटी उठून जायची आणि मागे थंडगार अंडी. गेल्या साली तिच्या घरांतून जेमतेम एका टोपलीत मावतील इतकी पिल्लं पाण्यात गेली. यंदा तिने एप्रिलमध्येच आपल्या भाचीला, सुनिवाला, सांगून टाकलं होतं.

“एक पिल्लू. यंदा एक पिल्लू जरी माझ्या अंगणातून पाण्यात गेलं तरी मी इथेच. नाहीतर मी चालले बॉदो शहरात, बहिणीच्या फ्लॅटवर.”

“आत्या, त्या फ्लॅटला लिफ्ट आहे. तुला लिफ्टची भीती वाटते.”

“जिन्याने जाईन.”

“सातवा मजला आहे.”

“म्हणजे वर गेले की पुन्हा खाली यायला नको,” गुडवेग म्हणाली, आणि विषय संपला.

आता, बेटावर कुणाची काळजी वाटली की आम्ही एकच उपाय करतो: त्याला ऊब देतो. सर्दी, मंदी, प्रेमभंग, सगळ्याला लोकर. बदकांची अंडी उबत नाहीत म्हटल्यावर आम्ही कंबर कसली. पूर्वी त्या घरांवर गवतासकट कापलेल्या मातीची छपरं असत. ती काढून आम्ही काळा डांबरी कागद लावला. फटी चिंध्यांनी बुजवल्या. दारं उत्तरेला होती ती दक्षिणेला, उन्हाकडे केली. शेवाळाचा थर दुप्पट केला. पुढच्या वर्षी पिल्लं आणखी कमी झाली, तेव्हा आम्ही डांबरी कागदही दुप्पट केला.

अशा वेळी तोरमोड आला. तो विद्यापीठातला पक्ष्यांचा अभ्यासक. हाडं लांब, बोलणं कमी. एका हातात तापमापकांची पेटी आणि दुसऱ्या खांद्यावर ट्यूबा. ट्यूबा म्हणजे पितळेचं ते अजस्र वाद्य, ज्याचं तोंड परातीएवढं असतं आणि जे वाजवणाऱ्याला मिठी मारून बसतं. तोरमोड मुख्य भूमीवरच्या आपल्या गावच्या बँडमध्ये वाजवायचा. दोनच वसंतांत त्याने आमच्या बदकांची तापमानं घेतली आणि सुनिवाचं मन जिंकलं, तेही कुजबुजत. लग्नाची मागणी त्याने जेट्टीवर घातली. तिने मान हलवली. टाळ्या वाजवायच्या नसल्यामुळे आम्ही सर्वांनी दोन्ही हात वर करून बोटं नाचवली.

त्याच्या तापमापकांचा निकाल त्याने गुडवेगच्या स्वयंपाकघरात सांगितला. आम्ही सगळे कॉफीला जमलो होतो.

“आत्या, बाहेर बारा अंश असतात तेव्हा तुमच्या घरात तीस असतात. बाहेर वीस झाले की आत अंडी शिजतात.”

“शिजत नाहीत. मी फोडून पाहिलीयेत.”

“शिजत नाहीत, पण आतला जीव मरतो. मादीला धाप लागते, ती पाणी प्यायला उठते, अंडी उघडी पडतात. शिवाय उन्हाळे असेच वाढत गेले तर गोष्ट अंड्यांच्याही आधी बिघडते. काही पक्ष्यांत दिसलंय, उष्णतेने नराचं बीज अशक्त होतं. माशांत, किड्यांत, सगळीकडे तेच निघतंय. नर दिसायला ठणठणीत असतो. नाचतो, ओरडतो. पण आत काही नाही.”

स्वयंपाकघरातल्या सगळ्या पुरुषांचे कप ओठांपाशी थांबले.

“उष्णतेने म्हणजे,” ओद्लाइवने हळूच विचारलं, “समजा, उदाहरणार्थ, एखादा नर रोज संध्याकाळी लाकडी टबात गरम पाण्यात तासभर बसत असेल तर?”

“कुठला पक्षी?” तोरमोडने प्रामाणिकपणे विचारलं.

“असाच. मोठा.”

“तुला तीन पोरं झालीयेत, ओद्लाइव,” त्याची बायको म्हणाली. “आणि तू अडुसष्ट वर्षांचा आहेस. कॉफी पी.”

तरी त्या आठवड्यापासून ओद्लाइवचा टब रिकामा राहिला. मग बेटावरचे इतर पुरुषही संध्याकाळी गुडघाभर थंड समुद्रात, काही विशेष नाही अशा चेहऱ्याने उभे दिसू लागले. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. मी पाठदुखीसाठी गेलो होतो.

गुडवेगने मात्र डांबरी कागद काढू दिला नाही.

“माझ्या आजीने या पक्ष्यांना ऊब दिली म्हणून ते इथे येतात. आणि तू सांगतोस, ऊब नको?”

“आजीच्या वेळी जूनमध्ये बर्फ पडायचा, आत्या.”

“म्हणजे चूक बर्फाची?”

विद्यापीठाने तापमापकांची पेटी मिटली. शिवाय तोवर पहिलं बदक किनाऱ्याला लागलेलं होतं. आता छपराला हात लावणं कुणालाच शक्य नव्हतं, गुडवेगलाही. बदकं यंदा लवकर आली होती, ईस्टर संपतो न संपतो तोच. तोरमोड ईस्टरच्या सुट्टीत होडीघरात ट्यूबाचा सराव करत होता. त्याने तो रात्रीपुरता दगडी फरशीवर आडवा ठेवला, सकाळी उठून बघतो तर अंगणात एक तपकिरी मादी डुलत डुलत चालली आहे. जी वस्तू जिथे असेल ती तिथेच. होडीघराचं दार उघडं राहिलं, ट्यूबा आत राहिला, आणि तोरमोड गाल फुगवून हवेतच बोटं दाबत परत गेला.

लग्न जूनमधल्या शनिवारी ठरलं होतं, तेव्हा पक्षी गेलेले असतात म्हणून. पण मेअखेर जे ऊन पडलं ते आमच्या बेटाने कधी पाहिलं नव्हतं. सत्तावीस अंश. मेंढ्या सावली शोधत आमच्या स्वयंपाकघरांत येऊ लागल्या. लोणी आपोआप ब्रेडला लागू लागलं. आणि बदकं एकामागून एक घरं सोडून उठली. चोच वासून धापा टाकत बाहेर यायची, मागे वळून एकदा बघायची, आणि पाण्याकडे जायची. गुडवेग तिच्या लोकरी कोटात घामाने निथळत दारोदार फिरत होती. काही करायला नव्हतं. शेवटी पायरीखालची तेवढी उरली. मग तीही गेली.

त्या दिवशी गुडवेग अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि साध्या, मोठ्या आवाजात म्हणाली, “झालं. बोला आता.”

थोड्या वेळाने कुणीतरी, तिने सांगितलंच आहे म्हणून, ड्रिल मशीन चालू केलं आणि लगेच बंद केलं.

लग्नाच्या सकाळी तिची सुटकेस दारात उभी होती. संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या बोटीनेच ती जाणार होती. सुनिवा वधूवेशात पायरीवर बसून रडत होती. शेजारी बसून आत्या तिला फ्लॅटच्या बाल्कनीचं वर्णन सांगत होती, आणि ते इतकं वाईट होतं की मीही रडलो असतो.

एवढ्यात बँडची बोट लागली. तोरमोडच्या गावचा अख्खा बँड, लाल कोट, सोनेरी बटणं. आयुष्यात प्रथमच आमच्या बेटावर पितळ वाजणार होतं. लोक जेट्टीवर ओळीने उभे राहिले, गाल फुगले, वाद्यं ओठांना लागली. फक्त ट्यूबावाला नव्हता. नवरदेव आपलं वाद्य आणायला होडीघरात गेला होता.

तो बाहेर आला तो धावत, पण टाचा न टेकवता. दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवत होता. तोंड उघडं, आवाज नाही. बँडमास्तरला वाटलं हा आनंद आहे, आणि त्याने काठी उचलली. तेव्हा तोरमोडने त्या काठीवर झेप घातली आणि दोघं मिळून पाण्यात गेले.

पाण्यातून डोकं वर काढून तो एवढंच कुजबुजला: “ट्यूबात बदक आहे.”

बेटावरचं प्रत्येक माणूस, बायका, म्हातारे, मी धरून, जागच्या जागी गोठलं. एकशे वीस लोकांचं लग्न श्वासही न घेता उभं राहिलं.

गुडवेगने खुंटीवरचा कोट काढून घातला आणि एकटी होडीघरात गेली. दारातून आम्हांला दिसत होतं. ट्यूबाच्या परातीएवढ्या तोंडात, पिसांच्या ढिगात, एक तपकिरी मादी निवांत बसली होती. उत्तरेकडची दगडी फरशी, जाड भिंती, गार पितळ. आम्ही बांधलेली सगळी बंगलेवजा घरं टाकून बाईसाहेबांनी बेटावरची एकुलती एक थंड जागा शोधली होती. गुडवेग वाकली, गुडघ्यांवर बसली, आणि जिथे तोरमोड ओठ लावतो त्या टोकाला तिने कान लावला.

बराच वेळ ती तशीच राहिली. मग तिने आमच्याकडे बघितलं. मी त्या बाईला सत्तर वर्षं ओळखतो, पण हा चेहरा पाहिला नव्हता.

तिने हात चोचीसारखा केला आणि बोटं उघडझाप करून दाखवली. आत पिल्लं बोलत होती.

त्यानंतर जे झालं त्याला लग्न म्हणतात हे मी शपथेवर सांगेन. लाल कोट चालणार नव्हते. बँडने ते उलटे करून घातले. आत करडं अस्तर होतं. उरलेल्या पाहुण्यांना आम्ही बेटावरच्या सगळ्या मयत माणसांचे लोकरी कोट वाटले. सत्तावीस अंशांत. पाद्रीणबाईंनी विवाहविधी ओठांनी केला. “मान्य आहे का?” या ठिकाणी भुवया उंचावल्या, दोघांनी माना हलवल्या, आणि एकशे वीस जोड्या हातांनी हवेत बोटं नाचवली. जेवणात कुरकुरीत पातळ भाकरी होती, ती रद्द झाली. सगळे साईची लापशी खात बसले. ओद्लाइवला त्यातले बारकावे माहीत होते, तो इतरांना हातवाऱ्यांनी शिकवत होता. माझं भाषण मी पाटीवर लिहून दाखवलं. लोकांना आवडलं, असं मला वाटतं. त्यांचे खांदे हलत होते.

मग सूर्य वायव्येला आला. आमच्याकडे या दिवसांत तो मावळत नाही, क्षितिजावरून गोल गोल हिंडतो. आता तो सरळ होडीघराच्या दारात उभा राहिला. तोरमोड तापमापक बघून पांढरा पडला.

“पितळ आहे,” तो कुजबुजला. “दहा मिनिटांत तवा होईल.”

“दार लाव,” मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दाराच्या बिजागऱ्या ओरडतात तेव्हा तीन बेटांवर लोकांना वाटतं कुणीतरी गेलं.

तेव्हा गुडवेग पुढे झाली. तिने सर्वांत जाड माणूस निवडला, तो बँडचा ढोलवाला, आणि त्याला दारासमोर उभा केला. सावली पडली. पण अर्धीच. तिने त्याच्याजवळ पाद्रीणबाई लावल्या. मग ओद्लाइव. मग वधू, तिचा झगा पसरून. मग आम्ही सगळे, एकाला एक चिकटून, करड्या लोकरीची एक भिंत. आणि सूर्य सरकू लागला तशी भिंतही सरकू लागली. पाऊल डावीकडे. थांबायचं. पाऊल डावीकडे. मोज्यांतले एकशे वीस जोड पाय. कुणीतरी शेजाऱ्याच्या कमरेत हात घातला, कुणीतरी मान डोलावली, आणि बघता बघता ती भिंत नाचायला लागली. ताल सूर्याचा, म्हणजे फारच संथ. ढोलवाल्याने सांगितलं की त्याच्या आयुष्यातला हा पहिला नाच ज्यात त्याचं पाऊल चुकलं नाही. नवरानवरी मधोमध होती, आणि सुनिवा इतकी हसत होती की तिला तोरमोडचा खांदा चावावा लागला.

मागे पितळात काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला.

आम्ही वाट मोकळी केली. दोन रांगा, मध्ये बोळ, जेट्टीशेजारच्या उतारापर्यंत. आधी मादी बाहेर आली. तिने आम्हांला असं पाहिलं की मी नकळत कोटाची बटणं लावली. मग ट्यूबाच्या कडेवर एक काळपट मऊ गोळा उभा राहिला, डगमगला, आणि घसरून फरशीवर पडला. उठला. मग दुसरा. मग तिसरा एका पायाने पिसांत अडकून लोंबकळला आणि चौथ्याने त्याच्या डोक्यावर पाय देऊन उडी मारली. ही मिरवणूक दोन रांगांमधून निघाली, आणि तिच्यामागे कोटात गुडवेग, सीगल पक्षी झडप घालतील म्हणून आकाशाकडे बघत, हात पसरून. मादी पाण्यात उतरली. पिल्लंही एकामागून एक पडली, बुचासारखी वर आली, आणि तिच्या मागे पोहू लागली.

दूर समुद्रातून कुठला तरी परतलेला नर “अऽ-ऊऽऽ” म्हणाला.

“आता आलास होय,” गुडवेग साध्या आवाजात म्हणाली. शांतता तिथे संपली.

तिने कोट काढला, घडी घातली, दारातली सुटकेस उचलून घरात ठेवली आणि बाहेर येऊन तोरमोडपुढे उभी राहिली.

“जावईबापू. सोमवारी डांबरी कागद काढायचा. सगळ्या घरांचा. दारं उत्तरेला. छपराला माती मी कापीन.”

“हो, आत्या.”

“आणि हे सगळं तू मला आधी सांगितलं होतंस, असं जर म्हणालास तर बॉदोच्या फ्लॅटवर तू जाशील.”

“मी काहीच म्हणालो नाही, आत्या.”

मग मात्र मला राहवेना. मी दगडावर चढलो. आज पितळातून जीव जन्माला आला होता. तापत्या जगात एका गार कोपऱ्याने वंश वाचवला होता. मनुष्य आणि पक्षी यांच्यातल्या त्या जुन्या करारावर एका लग्नाने पुन्हा सही केली होती. बँडने लाल कोट सरळ केले. डोळे पाणावले होते, ढोलवाल्याचे तर वाहत होते. बँडमास्तरने काठी उचलली, आणि सगळे नवरदेवाकडे बघू लागले. त्याच्याशिवाय सुरुवात होणार नव्हती.

तोरमोडने ट्यूबा उचलला. आत डोकावून पाहिलं. थोडा तिरपा केला. काहीतरी ठिबकलं.

“कुणाकडे,” तो म्हणाला, “बाटल्या धुवायचा ब्रश आहे का? जरा लांब दांड्याचा?”